वाचकांचे प्रश्न : ७×५७ माउझर अजून का टिकून आहे?

प्रश्न : नवी, जास्त वेगवान काडतुसे असताना १८९२ च्या ७×५७ माउझर या काडतुसाला (७ मिमीची गोळी, ५७ मिमी लांब पुंगळी) शिकारी अजून का पसंती देतात? जुनी रायफल असेल तर काय तपासावे?

उत्तर : वेग हाच निकष धरला तर हे काडतूस मागे पडेल. पण त्याची ११.२ ग्रॅमची गोळी जाडीच्या मानाने लांब आणि वजनदार असते. त्यामुळे सेकंदाला सुमारे ७०० मीटर वेगातही ती खोलवर शिरते. दारू कमी लागते म्हणून धक्का सौम्य, आणि धक्क्याची धास्ती नसली की चाप झटक्याने ओढला जात नाही. आमच्या मते खरे यश इथेच आहे. नरभक्षक वाघांचे शिकारी जिम कॉर्बेट यांची .२७५ रिग्बी रायफल याच काडतुसाची.

जुन्या रायफलींत चेंबरपुढचा (काडतूस बसते त्या जागेपुढचा) भाग लांब गोळीसाठी मोकळा ठेवलेला असतो. ९ ग्रॅमची आखूड गोळी नळीतल्या, तिला फिरकी देणाऱ्या चरांत शिरण्याआधी बरेच अंतर मोकळी धावते, कधी किंचित तिरकी बसते आणि नेम पसरतो. अशा वेळी दुर्बिणीचे स्क्रू फिरवत बसू नका. आधी जड गोळी वापरून पाहा.

१८९३ आणि १८९५ च्या माउझर रायफलींच्या बोल्टला (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याला) १८९८ च्या बोल्टवरचा तिसरा, सुरक्षेचा खुंट नसतो. तिथे जादा दाबाची काडतुसे नकोतच. डागलेल्या पुंगळीच्या बुडाजवळ चकचकीत कडे दिसले, तर हेडस्पेस (बंद बोल्टचे तोंड आणि चेंबरमध्ये काडतूस अडते ती जागा यांतले अंतर) जाणकाराकडून मोजून घेईपर्यंत रायफल वापरू नका.