वाचकांचे प्रश्न : डिस्ट्रॉयरचा वेग, कोळसा आणि ओलाचिंब डेक

मागच्या अंकात पोर्ट आर्थरच्या (चीनच्या किनाऱ्यावरचं तेव्हाचं रशियन नौदलाचं बंदर) हल्ल्यावर लेख होता, फेब्रुवारी १९०४ मध्ये जपानी डिस्ट्रॉयरनी बंदराबाहेर नांगरलेल्या रशियन जहाजांवर रात्री टॉर्पेडो सोडले तो. त्यावर बरेच प्रश्न आलेत, त्यातले काही सारखेच होते ते एकत्र केलेत, आणि वेगाबद्दल सगळ्यात जास्त लोकांनी विचारलंय त्यामुळे तिथे जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

प्रश्न : सर, डिस्ट्रॉयर म्हणजे टॉर्पेडो बोटी मारायला बनवलेली बोट ना? मग पोर्ट आर्थरला ती स्वतःच टॉर्पेडो कशी काय मारत होती?

बरोबर पकडलंत. व्हाइटहेड या इंग्रज इंजिनिअरचा टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून स्वतः पळत जाऊन जहाजावर फुटणारं हत्यार, १८६६ चा, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत सगळ्या नौदलांना धडकी भरली की एक छोटीशी स्वस्त बोट रात्री येऊन आपलं प्रचंड महागडं जहाज बुडवून जाईल. त्यावर उपाय म्हणून ब्रिटिशांनी १८९२ मध्ये टॉर्पेडो बोटींपेक्षा मोठ्या आणि जास्त वेगवान बोटी मागवल्या, यामागे अ‍ॅडमिरल फिशर, आणि यारो कंपनीची हॅवॉक १८९३ मध्ये पाण्यात उतरली. लांबी १८० फूट, रुंदी जेमतेम साडेअठरा. तोफा तर दिल्याच पण सोबत टॉर्पेडोच्या नळ्याही दिल्या, म्हणजे शिकारी बोटीला सावजाचंच हत्यार दिलं म्हणा ना. एक नळी तर थेट नाकात होती, पण ती पुढे काढून टाकली कारण पाणी उडायचं आणि फुल स्पीडला बोटच स्वतःच्या टॉर्पेडोला गाठेल अशी भीती होती!

मग झालं असं की वेग आहे, टॉर्पेडो आहे, शिवाय मोठ्या ताफ्यासोबत लांब जाता येतं, मग वेगळी टॉर्पेडो बोट हवीच कशाला. दहा-बारा वर्षांत डिस्ट्रॉयरनी ते कामच खाऊन टाकलं. पोर्ट आर्थरला त्या रात्री १६ टॉर्पेडो सोडले आणि लागले फक्त ३, रेटविझान, त्सेसारेविच आणि पल्लाडा या तीन जहाजांना, आणि तिन्ही नंतर दुरुस्तही झाली. खरा परिणाम डोक्यावर झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रशियाचा बाल्टिक ताफा नॉर्थ सीमधून जात असताना ब्रिटिश मच्छीमारांच्या ट्रॉलर्सना जपानी टॉर्पेडो बोटी समजून त्यांच्यावर तोफा डागून मोकळा झाला, माणसं मेली. जपान तिथून किती लांब ते नकाशात बघा.

प्रश्न : १९०० च्या आसपास ३० नॉट म्हणजे ताशी ५५ किलोमीटर. एवढा वेग खरंच होता की जाहिरात?

दोन्ही. ट्रायलच्या (नौदलाने बोट ताब्यात घेण्याआधीच्या वेगाच्या चाचणीच्या) दिवशी खरा, समुद्रात नाही.

ट्रायल कशी व्हायची ते बघा. बोट हलकी ठेवायची, समुद्र शांत असलेला दिवस निवडायचा, कोळसा निवडून घ्यायचा, भट्टीवर कंपनीची मुरलेली माणसं उभी करायची आणि तीन तास जीव तोडून पळवायची. ३० नॉट दिसले की बिल पास. नंतर तीच बोट पूर्ण कोळसा, दारूगोळा आणि नेहमीचे खलाशी घेऊन निघाली की कित्येक नॉट कमी, आणि लाट उठली की विचारूच नका. पुन्हा हे गणित क्रूर आहे, लागणारी पॉवर साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे २५ वरून ३० नॉट, वेग फक्त २० टक्के जास्त, पण पॉवर जवळपास पावणेदोन पट लागते. ती पॉवर हवी म्हणून बॉयलर आणि इंजिनं कोंबायची आणि वजन कमी करायला बोटीचा पत्रा पातळ करायचा.

आणि ते नाक! पुढचा डेक कासवाच्या पाठीसारखा गोल आणि बुटका, आयडिया अशी की पाणी दोन्ही बाजूंनी ओघळून जाईल. प्रत्यक्षात नाक लाटेत घुसायचं आणि सगळं पाणी ब्रिजवर (जिथून बोट चालवतात तिथे), पुढच्या तोफेवर. समोरचं दिसत नाही, तोफ चालवता येत नाही, मग वेग कमी करण्याशिवाय इलाज नाही. माझ्या मते या सगळ्या काळातली सगळ्यात मोठी चूक हीच, ३० या आकड्याच्या नादात बोट चालवणाऱ्या माणसांचा विचारच केला नाही.

सप्टेंबर १९०१ मध्ये कोब्रा नावाची नवीकोरी डिस्ट्रॉयर टाइन नदीतून निघून दक्षिणेला जात होती, नॉर्थ सीमध्ये खराब हवेत मधोमध तुटली, ६७ माणसं गेली आणि फक्त १२ वाचली. त्याच्या आदल्याच महिन्यात व्हायपर धुक्यात ऑल्डर्नी बेटाजवळच्या खडकांवर चढून गेली होती. दोन्ही टर्बाइनवाल्या, म्हणजे वाफेने चक्र फिरवणारं नवं इंजिन बसवलेल्या, म्हणून लोकांनी लगेच टर्बाइनला धरलं (१८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या समारंभात टर्बाइनवाल्या पार्सन्सची टर्बिनिया ही बोट सगळ्यांच्या नाकावर टिच्चून ३४ नॉटनी पळाली होती, ते काहींना खुपतच असणार), पण टर्बाइनचा दोष दोन्हीकडे नव्हता. एक खडकावर गेली आणि दुसरीची बांधणीच कमकुवत होती, कोब्राच्या चौकशीत तेच निघालं. मग वुल्फ नावाची डिस्ट्रॉयर ड्राय डॉकमध्ये घेऊन आधी फक्त मध्यावर टेकवली आणि मग फक्त दोन टोकांवर, आणि पत्र्यावर किती ताण येतो ते मोजलं. ती टिकली, पण विचार बदलायला सुरुवात झाली होतीच.

१९०३ पासून ब्रिटिशांचा रिव्हर क्लास (क्लास म्हणजे एकाच नमुन्याच्या बोटींचा गट) आला, पुढचा डेक चांगला उंच केला, बांधणी दणकट, वेग कागदावर फक्त साडेपंचवीस नॉट. जर्मन बोटींचं नाक आधीच असं उंच होतं. आकडा बघून रिव्हर क्लास मागे पडल्यासारखा वाटतो, पण समुद्र खवळला की ३० नॉटवाल्या बोटी हळू व्हायच्या आणि या आपल्या वेगाने जात राहायच्या. मला विचाराल तर खरी डिस्ट्रॉयर इथून सुरू होते.

प्रश्न : कोळशावरून तेलावर कधी गेले? एकदम सगळे बदलले का?

छे, चांगली ओढाताण झाली. ब्रिटनच्या ट्रायबल क्लासला १९०५ च्या सुमारास ३३ नॉट आणि तेल असा आदेश निघाला, वेग मिळाला, पण तेल इतकं प्यायच्या आणि टाक्या इतक्या लहान की लांब जायची सोयच नाही. मग पुढच्या बीगल क्लासच्या १६ बोटी परत कोळशावर! कारण कोळसा घरचा आणि तेल बाहेरून आणायचं. त्यानंतर मात्र तेलच. तेलाने भट्टीत फावडं मारणारी माणसं कमी लागतात, वाफ पटकन वाढवता येते, आणि मुख्य म्हणजे बंदरात आल्यावर सगळ्या खलाशांनी काळंठिक्कर होत कोळसा भरायचं काम संपलं, पाइप जोडा आणि बसा. हा शेवटचा फायदा तक्त्यांमध्ये कुठे लिहीत नाहीत पण खलाशांना विचारलं असतं तर त्यांनी तोच पहिला सांगितला असता.

प्रश्न : अशा बोटीवर राहायचे कसे?

ओलं होऊन. ब्रिटिश नौदलात डिस्ट्रॉयर आणि टॉर्पेडो बोटींवरच्या माणसांना हाल सोसायचे म्हणून वेगळा भत्ता मिळायचा, यावरून काय ते समजा. खलाशी पुढच्या भागात आणि अधिकाऱ्यांच्या खोल्या पार मागे, त्यामुळे वादळात मागून ब्रिजवर यायचं म्हणजे उघड्या डेकवरून, लाटा अंगावर घेत.

प्रश्न : पहिल्या महायुद्धात यांनी टॉर्पेडोने किती मोठी जहाजं बुडवली? जटलंडला?

अपेक्षेपेक्षा कमी. जटलंड म्हणजे डेन्मार्कजवळ ब्रिटिश आणि जर्मन ताफ्यांची मोठी लढाई, ३१ मे १९१६ ची संध्याकाळ आणि नंतरची रात्र, पोमर्न हे जुनं जर्मन बॅटलशिप ब्रिटिश डिस्ट्रॉयरच्या टॉर्पेडोने गेलं, ते मोठं यश. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे जर्मन टॉर्पेडो बोटी चालून आल्या तेव्हा ब्रिटिश ताफ्याचा प्रमुख जेलिको याने अख्खा ताफा दुसरीकडे वळवला, म्हणजे टॉर्पेडो न लागताही लढाईची दिशा बदलली. स्पिटफायर नावाची डिस्ट्रॉयर तर अंधारात नासाऊ या जर्मन ड्रेडनॉटला (नव्या पद्धतीच्या प्रचंड युद्धनौकेला) घासत धडकली, नासाऊच्या तोफांच्या नुसत्या झोताने ब्रिज उद्ध्वस्त झाला, आणि तरी नासाऊचा २० फूट पत्रा स्वतःच्या डेकवर घेऊन घरी पोचली.

खरं नाव त्यांनी पाणबुड्यांविरुद्ध कमावलं, ज्यासाठी त्या बनवल्याच नव्हत्या. एप्रिल १९१७ या एका महिन्यात साडेआठ लाख टनांच्या वर जहाजं बुडाली, त्यानंतर काफिले, म्हणजे मालवाहू जहाजांनी एकत्र जायचं, सुरू झाले आणि डिस्ट्रॉयर राखणदार झाल्या. १९१६ पासून डेप्थ चार्ज आले होते, ३०० पौंड स्फोटकाचा पिंप, ठरलेल्या खोलीवर पाण्याच्या दाबाने फुटणारा. आता यात गंमत बघा, तो फुटायच्या आत टाकणाऱ्या बोटीने लांब जायला हवं, नाहीतर तिचीच शेपटी उडायची, म्हणजे जो वेग टॉर्पेडो बोटींमागे धावायला दिला होता तो इथे कामी आला. हळू बोटींना म्हणूनच लहान चार्ज द्यायचे.

प्रश्न : दोन मोडक्या बोटी जोडून एक डिस्ट्रॉयर केली असे वाचले. थाप आहे का?

अजिबात नाही. ऑक्टोबर १९१६ मध्ये न्यूबियनचा पुढचा भाग टॉर्पेडोने गेला, नोव्हेंबरमध्ये झुलूचा मागचा भाग सुरुंगाने. दोन्ही ट्रायबल क्लास. चॅटम गोदीत झुलूचं पुढचं आणि न्यूबियनचं मागचं अंग जोडलं, रुंदीत साडेतीन इंचांचा फरक होता तो जुळवून घेतला, आणि १९१७ मध्ये झुबियन नावाने ती परत कामावर गेली. हे नाव ज्याने सुचवलं त्याला बढती द्यायला हवी होती.

प्रश्न : त्या काळातलं काही आज बघायला मिळतं का?

लान्स या डिस्ट्रॉयरची चार इंची तोफ लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियममध्ये आहे. ५ ऑगस्ट १९१४ ला, युद्ध सुरू होऊन एक दिवसही झाला नव्हता तेव्हा, सुरुंग पेरणाऱ्या क्योनिगिन लुईझ या जर्मन जहाजावर लान्सने गोळा टाकला, युद्धातला ब्रिटनचा समुद्रावरचा पहिला. ते जहाज बुडालं, पण दुसऱ्या दिवशी त्याच्याच सुरुंगांनी अ‍ॅम्फियन ही ब्रिटिश क्रूझरही गेली, आणि तिच्यावर आदल्या दिवशी वाचवलेले जर्मन खलाशी होते.