गाणी ऐकायच्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून पॅनल घेतोयस ना, त्याआधी हे वाच

भावा, ते एक इंची पिरॅमिड फोम आधी कार्टमधून काढ, अंड्याचे ट्रे तर विसरच. त्याने फक्त वरच्या पट्टीचा बारीक आवाज मरतो, गाणं कोंदट वाटायला लागतं आणि बास, म्हणजे खालचा जाड आवाज, होता तसाच घुमत राहतो. तुझी खोली १० बाय १२ फूट, खाली टाइल्स, भिंती मोकळ्या, म्हणजे ४७ आणि ५६ हर्ट्झच्या आसपास बास फुगणारच, तिथे फोमचं काही चालत नाही.

५० एमएमचा रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) स्लॅब घे, ४८ किंवा ६४ डेन्सिटीचा (किलो प्रति घनमीटर), लाकडी फ्रेममध्ये बसव, वरून असं कापड लाव की तोंडाने फुंकलं तर हवा आरपार गेली पाहिजे, रेक्झिन अजिबात नको. आणि भिंतीला चिकटवू नकोस, मागे दोन इंच गॅप सोड, फुकटात आणखी खालच्या आवाजापर्यंत काम करतं. कापताना मास्क, ग्लोव्हज घाल, जाम खाजतं.

लावायचं कुठे तर, तू ऐकायच्या जागी बस, कुणालातरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांग, ज्या जागी आरशात स्पीकर दिसला तिथे पॅनल. कोपऱ्यात मात्र जाड लागतात, चार इंच तरी. बाकी शेजारच्यांची कटकट याने थांबणार नाही हं, आवाज बाहेर जाऊ न देणं म्हणजे साउंडप्रूफिंग, त्याचा खर्च वेगळा.