एसएस, ३९६ आणि दाराच्या खांबावरचा आकडा

प्रश्न : काका, नमस्कार. लहानपणी दादरला एका इमारतीखाली इम्पाला उभी असायची, तेव्हापासून ती गाडी डोक्यात आहे. आता इथे जर्सीत शेव्हरोलेची १९६५ची एक इम्पाला बघतोय. दोन दारांची, लाल. विकणारा म्हणतो, ही अस्सल एसएस, म्हणजे सुपर स्पोर्ट आहे आणि आत ३९६ घन इंचांचं इंजिन आहे, म्हणून साध्या इम्पालापेक्षा बराच जास्त भाव सांगतोय. एसएसचे बिल्ले आहेत, पुढे बकेट सीट, मध्ये कन्सोल. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर पट्टी आहे, तिच्यावरचा आकडा १६४३७५जे असा सुरू होतो. एसएस म्हणजे मोठं इंजिन, हे मी धरून चाललोय. बरोबर ना? गाडी रविवारी आई-बाबा आणि मुलांना घेऊन फिरायला हवी आहे, शर्यतीसाठी नाही.
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : पट्टीवरचा आकडा पाठवलात हे फार चांगलं केलंत. तुमच्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. पहिला १ म्हणजे शेव्हरोले. पुढचे ६४ म्हणजे आठ सिलिंडरची इम्पाला. ३७ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप, म्हणजे काचा खाली केल्या की मध्ये खांब नसलेली. ५ हे १९६५ साल आणि जे म्हणजे विस्कॉन्सिनमधला जेन्सव्हिल कारखाना. १९६५ची एसएस असती तर सुरुवात १६६३७५ अशी झाली असती, आणि सहा सिलिंडरची एसएस असती तर १६५३७५. तुमची गाडी कारखान्यातून एसएस म्हणून निघालेली नाही. ती चांगली, साधी इम्पाला आहे आणि तिला एसएसचा पोशाख नंतर कुणीतरी चढवलाय. विकणाऱ्याची लबाडी आहे असं मी म्हणत नाही. साठ वर्षांत गाडी किती हातांतून गेली असेल! बिल्ले कधी बसले हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसेल. पण भाव मात्र इम्पालाचाच द्या.

एक लक्षात ठेवा, हा ताळा १९६४ ते १९६७ एवढ्याच वर्षांना लागू पडतो. त्या चार वर्षांत एसएसला स्वतंत्र मालिकेचा आकडा होता. त्याआधी आणि १९६८पासून पुढे एसएस हा ऑर्डर फॉर्मवरचा एक पर्याय होता, त्यामुळे गाडीच्या आकड्यावरून काहीच कळत नाही. तिथे मूळ कागद लागतात.

आता तुम्ही धरून चाललात त्या गोष्टीकडे येतो, कारण हा गैरसमज मला जवळजवळ प्रत्येक पत्रात भेटतो. त्याचं मूळ खरं आहे. १९६१मध्ये एसएस पहिल्यांदा आली तेव्हा ती फक्त ३४८ किंवा ४०९ या मोठ्या इंजिनांबरोबरच मिळायची. त्या वर्षी एसएस म्हणजे ताकद हे समीकरण बरोबर होतं. १९६२पासून मात्र कुठल्याही इंजिनावर, अगदी सहा सिलिंडरवरसुद्धा एसएस घेता येऊ लागली. बकेट सीट, कन्सोल, बिल्ले, चाकांच्या टोप्या आणि वेगळी सजावट, एवढंच त्यात उरलं. १९६५मध्ये सुमारे दोन लाख चाळीस हजार एसएस विकल्या गेल्या. त्यातल्या कितीतरी रोज ऑफिसला आणि भाजी आणायला जाणाऱ्या होत्या.

त्या काळात शेव्हरोलेच्या विक्रेत्यासमोर बसलेल्या गिऱ्हाइकाला दोन वेगळे निर्णय घ्यावे लागत. एक पायरीचा : सगळ्यात खाली बिस्केन, मग बेल एअर, मग इम्पाला, मग एसएस, वर्षाच्या मध्यात त्यात कॅप्रिसची भर पडली. दुसरा इंजिनाचा. पायरी आणि इंजिन यांची एकमेकांशी बांधिलकी नव्हती. टॅक्सीवाले आणि पोलीस घेत त्या उघड्याबोडक्या बिस्केनमध्ये तुम्ही ४०० अश्वशक्तीचं ४०९ बसवून घेऊ शकत होता. शर्यतवाल्यांना तेच आवडायचं, कारण बिस्केन हलकी आणि स्वस्त. मला त्या काळच्या डेट्रॉइटची हीच गोष्ट सगळ्यात जास्त भावते. गिऱ्हाईक काय काम करतो यावरून गाडी ठरायची, आणि कारखाना लाखांच्या हिशेबात गाड्या काढत असतानाही ते मनावर घ्यायचा.

१९६५ची इंजिनं अशी होती. खाली २३० घन इंचांचं सहा सिलिंडर, १४० अश्वशक्ती. आपल्या हिशेबात ३.८ लिटर. मग २८३ हे व्ही-८, ४.६ लिटर, १९५ अश्वशक्ती. चार नळ्यांच्या कार्ब्युरेटरवर २२०. मग ३२७, म्हणजे ५.४ लिटर, २५० किंवा ३०० अश्वशक्तीचं. ४०९ हे ६.७ लिटरचं, ३४० किंवा ४००. आणि मॉडेल-वर्षाच्या मध्यात आलेलं नवीन ३९६, साडेसहा लिटर, नेहमीच्या रूपात ३२५ अश्वशक्ती. ते आल्यावर ४०९ निवृत्त झालं. हे आकडे पंखा, ऑल्टरनेटर, सायलेन्सर वगैरे काढून ठेवलेल्या इंजिनाचे आहेत. १९७२पासून अमेरिकन कंपन्या सगळं जोडलेल्या इंजिनाचे आकडे द्यायला लागल्या, म्हणून आजच्या गाडीशी तुलना करू नका.

तुमच्या गाडीत ३९६ आहे का? बॉनेट उघडा आणि टॅपेट कव्हरचे बोल्ट मोजा. प्रत्येक कव्हरला चार बोल्ट असतील तर ते छोटं इंजिन आहे, २८३ किंवा ३२७. सात असतील तर ३९६च्या घराण्यातलं. ४०९ तर लांबूनच कळतं. त्याच्या कव्हरची कड नागमोडी असते, कारण त्याचे व्हॉल्व्ह खालीवर मांडलेले आहेत. शिवाय त्याचा ज्वलनकक्ष हेडमध्ये नसून ब्लॉकमध्येच आहे. विकणाऱ्याला काही न विचारता हे एका मिनिटात होतं.

बोल्ट चारच निघाले तर उजव्या बाजूच्या हेडच्या पुढे, ब्लॉकवर एक सपाट जागा आहे. तिच्यावर ग्रीस आणि मळीचा थर असेल. फडक्याला थोडं रॉकेल लावून पुसा, आतून ठोकलेली अक्षरं दिसतील. सुरुवातीचं अक्षर इंजिनाच्या कारखान्याचं : एफ म्हणजे फ्लिंट, टी म्हणजे टोनावांडा. ३९६ आणि ४०९ टोनावांडाचे. त्यापुढे महिना आणि तारीख, शेवटी दोन अक्षरं. त्या अक्षरांवरून कुठलं इंजिन आणि कुठल्या गिअरबॉक्ससाठी हे ठरतं, त्याचे तक्ते सहज मिळतात. २८३ आणि ३२७ बाहेरून जुळ्या भावांसारखी दिसतात, तेव्हा कव्हरवरच्या स्टिकरवर जाऊ नका. मागे, गिअरबॉक्स बसतो त्या काठावर ड्रायव्हरच्या बाजूला ब्लॉकचा ओतीव आकडा असतो, तो टॉर्च मारून वाचा.

आणखी एक पट्टी बघा, इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावर रिव्हेट केलेली. तिच्यावर ०५सी असं काही असेल. म्हणजे मे महिन्याचा तिसरा आठवडा. तिथे १० किंवा ११ दिसलं तर गाडी १९६४च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची. त्या वेळी ३९६ बाजारात आलंच नव्हतं, मग आज ते तिथे असलं तरी मागाहून बसवलेलं. रंगाचं अक्षरही तिथेच आहे : आर म्हणजे रीगल रेड, ए म्हणजे काळा, आणि पी असेल तर तो इव्हनिंग ऑर्किड, फिक्कट जांभळा. पी निघाला तर गाडी परत त्या रंगात न्या ही माझी कळकळीची विनंती आहे. असा रंग आज कुठलीही कंपनी द्यायला धजणार नाही.

आता खरेदीबद्दल. आई-बाबांना घेऊन फिरायचं असेल तर मला २८३ किंवा ३२७ निघालेलं जास्त आवडेल. २८३चं १९५वालं कमी कॉम्प्रेशनचं आहे, ९.२५ला १. साध्या पेट्रोलवर ठोके न देता चालतं. ३२७चं १०.५ आहे, त्याला प्रीमियम पाजावं लागतं. दोन गिअरचा पॉवरग्लाइड असेल तर नाक मुरडू नका. तो साधा आहे आणि त्याचे सुटे भाग सगळीकडे मिळतात. तीन गिअरचा टर्बो हायड्रा-मॅटिक १९६५ला फक्त ३९६बरोबर मिळत होता. हेही ताळ्यासाठी उपयोगी : खाली तो दिसला आणि वर २८३ असेल, तर काहीतरी बदललंय.

इंजिनापेक्षा पत्रा महाग पडतो, म्हणून तिथे वेळ घाला. मागच्या काचेच्या खालची पन्हळ बोटाने चाचपा. तिथे पाणी साचतं, पत्रा सडतो आणि पाणी डिकीत उतरतं. डिकीतलं कार्पेट उचलून बघा. मागच्या चाकामागचा फेंडरचा खालचा भाग चुंबकाने तपासा. चुंबक चिकटला नाही तर आत पुट्टी आहे. १९६५ला चासी बदलली, आधीची एक्स आकाराची जाऊन कडेने फिरणारी आली. मागच्या चाकांच्या वळणावर तिच्यात मिठाचा चिखल भरतो. तुमच्या भागात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पडतं, तेव्हा गाडी वर घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि ब्रेक. हे मी सगळ्यात गंभीरपणे सांगतोय. या गाडीला चारही चाकांना ड्रम आहेत आणि मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब चाकांपर्यंत पोचवणारा भाग, एकच, एका सर्किटचा. एक नळी फुटली की पेडल थेट तळाला जातं आणि चारही ब्रेक जातात. १९६७पासून दोन सर्किटं आली. गाडी घेतल्यावर पहिलं काम दुहेरी मास्टर सिलिंडर बसवण्याचं करा, रबराच्या सगळ्या नळ्या बदला, पेट्रोलच्याही. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर खातं. इंजिन ऑइल जस्त असलेलं घाला, नाहीतर कॅमशाफ्ट झिजतो. मग खुशाल मुलांना मागे बसवा, पट्टे लावून.

गॅरेजही मोजून ठेवा. गाडी २१३ इंच लांब आहे, पावणेअठरा फूट, आणि साडेसहा फुटांहून जास्त रुंद.

प्रश्न : आमच्या घरी आजोबांच्या गाडीचा मागून काढलेला एक फोटो आहे. घरात सगळे तिला इम्पाला म्हणतात आणि ती शिवडीच्या कारखान्यात बनली होती असं आजोबा सांगायचे. मागचे पंख पक्ष्यासारखे पसरलेले, प्रत्येक बाजूला दोन गोल लाल दिवे. साल ओळखता येईल का?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : ताई, दिव्यांनीच काम सोपं केलंय. पसरलेले पंख आणि गोल दिवे म्हणजे १९६०. १९५९चेही पंख आडवे होते, पण दिवे मांजराच्या डोळ्यांसारखे, बाजूला एकेक. १९६०च्या इम्पालाला प्रत्येक बाजूला तीन गोल दिवे. दोन असतील तर ती बेल एअर किंवा बिस्केन. पत्रा तोच, चासी तीच, इंजिनंही तीच, साधारण २३५ घन इंचांचं सहा सिलिंडर किंवा २८३. फरक सजावटीचा आणि तिसऱ्या दिव्याचा. आपल्याकडे प्रत्येक मोठ्या शेव्हरोलेला इम्पालाच म्हणत, त्यामुळे घरच्यांचं चुकलं असं मी मुळीच म्हणणार नाही.

शिवडीचं मात्र जुळत नाही. शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने मुंबईत १९२८ साली गाड्या जुळवायला सुरुवात केली आणि १९५४ला ते काम बंद झालं. इम्पालाचा जन्म १९५८चा. त्यानंतरची प्रत्येक इम्पाला, बेल एअर, बिस्केन भारतात बाहेरून आलेली. उजव्या हाताच्या स्टीअरिंगच्या शेव्हरोले तेव्हा कॅनडातल्या ओशावाहून निर्यात होत. फोटोत स्टीअरिंग उजवीकडे दिसत असेल तर तुमच्या आजोबांच्या गाडीनेही बहुधा तोच रस्ता धरला असणार. आजोबांकडे त्याआधी एखादी १९४०-५०च्या दशकातली शेव्हरोले होती का, हे घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा. शिवडीची आठवण त्या गाडीची असू शकते. फोटोच्या मागे काही लिहिलंय का, तेही बघा.

प्रश्न : टोरोंटोजवळ १९६४ची पॉन्टिॲक पॅरिझिएन घेतली. मेकॅनिकने बॉनेट उघडलं तर आत शेव्हरोलेचं २८३! मला फसवलं का?
— एक वाचक, मिसिसागा, कॅनडा

उत्तर : नाही. तुमची गाडी जशी असायला हवी तशीच आहे. पॉन्टिॲक आणि शेव्हरोले दोन्ही जनरल मोटर्सच्याच. कॅनडातल्या मोठ्या पॉन्टिॲक, म्हणजे स्ट्रॅटो-चीफ, लॉरेन्शियन आणि पॅरिझिएन, या शेव्हरोलेच्या चासीवर शेव्हरोलेची इंजिनं घालून बनत. सीमेवर जकात होती, बाजार लहान होता, म्हणून एकाच सांगाड्यावर दोन गाड्या काढणं परवडायचं. १९६५च्या जानेवारीत अमेरिका आणि कॅनडात वाहनांचा करार झाला आणि जकात उठली, तरी ही पद्धत पुढे बरीच वर्षं टिकली. अमेरिकन पॉन्टिॲकमध्ये ३८९ असतं, ते तुमच्यात कधीच नव्हतं.

सुटे भाग मागवताना इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सस्पेन्शन १९६४च्या मोठ्या शेव्हरोलेचं मागा. चासीही एक्सवाली आहे, कडेला आधार नाही, तेव्हा जॅक कुठे लावायचा ते मॅन्युअलमध्ये बघूनच लावा. पुढची जाळी आणि क्रोमच्या पट्ट्या मात्र फक्त कॅनडातल्या पॉन्टिॲकवाल्यांकडे शोधा. अमेरिकन पॉन्टिॲक कॅटालिनाच्या पट्ट्या दिसायला सारख्या असतात, पण तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, वेगळा असल्याने लांबीला जुळत नाहीत.