वंशावळ नेटवर सापडली, आता ती खरी मानायची का?

प्रश्न : आमचे आजोबा वाईजवळच्या एका गावातले, पुढे मुंबईला गिरणीत लागले. परवा एका परदेशी साइटवर आमच्या आडनावाची अख्खी वंशावळ मिळाली, थेट पानिपतावर पडलेल्या एका पुरुषापर्यंत. तेच झाड अजून पाच जणांनी टाकलंय आणि सगळ्यांकडे माहिती अगदी सेम आहे. फक्त एक जण १७९० चा आणि त्याचा मुलगा १७९९ चा दाखवलाय. काका म्हणतात टायपिंग मिस्टेक असेल, एवढं काय त्यात. कुलवृत्तांताची पुरवणी काढतोय, त्यात हे छापलं तर चालेल का? – एक वाचक भगिनी, ठाणे

उत्तर : ताई, एवढ्यात छापू नका. छापील कुलवृत्तांतात एकदा गेलं की पुढची पन्नास वर्षं लोक तेच पुरावा म्हणून दाखवणार.

आधी ते पाच जणांचं बघू. या साइट्सवर दुसऱ्याचं झाड एका क्लिकमध्ये आपल्याकडे ओढून घेता येतं, त्यामुळे पाच झाडं म्हणजे पाच पुरावे असं होत नाही. पाचही ठिकाणी तो नऊ वर्षांचा बाप तसाच आहे ना? मग सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून उचललंय हे उघड आहे. पहिल्यांदा कुणी टाकलं ते शोधा आणि त्याला सरळ मेसेज करून विचारा की हे कुठल्या कागदावरून घेतलं. कागदाचं नाव सांगितलं तर पुढे बोलता येईल, "आमच्याकडे असंच सांगतात" असं उत्तर आलं तर त्या झाडाचा उपयोग फक्त कुठे शोधायचं एवढं कळण्यापुरता.

आणि ती टायपिंग मिस्टेक असेलच असं नाही हं. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत, त्यामुळे एकाच घरात विठोजी बिन राणोजी (म्हणजे राणोजीचा मुलगा विठोजी), मग राणोजी बिन विठोजी, मग परत विठोजी बिन राणोजी असं चालू राहतं. आजोबा आणि नातू एकच समजून कुणीतरी जोडून टाकले तर मधल्या दोन पिढ्या गायब होतात आणि सालांचा असा घोळ होतो. दत्तकाचंही लक्षात ठेवा, एका कागदावर जन्मदात्याचं नाव आणि दुसऱ्यावर दत्तक बापाचं, आणि दोन्ही कागद बरोबर!

आडनावावर तर अजिबात भरवसा ठेवू नका. पाटील, कुलकर्णी, देशमुख ही मुळात वतनाची नावं, गावोगावी वेगवेगळ्या घराण्यांना चिकटलेली, दोन कुलकर्णी एकमेकांचे कुणीच नसू शकतात. जुन्या नोंदींत तर बऱ्याचदा आडनाव लिहिलेलंच नसतं, नुसतं माणसाचं नाव, बापाचं नाव आणि जात.

माझ्या मते पानिपतापासून खाली यायचं सोडा आणि आजोबांपासून वर चढा. आजोबा शाळेत गेले असतील तर गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर बघा (जन्मतारीख १ जून असेल तर ती मास्तरांनी टाकलेली समजायची, साल मात्र साधारण जवळपास असतं). मग जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, ते तहसील कार्यालयात विचारा. आणि सगळ्यात कामाचा कागद म्हणजे फेरफार. जमीनवाला वारला की वारस नोंद होते, त्यात कोण कुणाचा मुलगा हे स्पष्ट येतं, शिवाय नोंद खोटी असेल तर भाऊबंद हरकत घ्यायला टपलेलेच असतात, त्यामुळे बाप-लेकाच्या नात्याला याच्यासारखा पुरावा नाही. जुने सातबारे आणि फेरफार बऱ्याच जिल्ह्यांचे स्कॅन होऊन सरकारच्या आपले अभिलेख पोर्टलवर आलेत. पण तिथेही इंडेक्समधलं नाव बघून थांबू नका, पानाचा फोटो उघडून स्वतः वाचा.

त्याच्या मागचं बहुतेक सगळं मोडीत. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, पण घराण्याला वतन किंवा इनाम काही नसेल तर साध्या रयतेचं नाव तिथे मिळायची आशा कमीच. खरं सांगायचं तर पानिपतावर कुणी पडलं नाही असं घराणं मला अजून भेटायचंय. तुमची पुरवणी निघणारच असेल तर कागद मिळालेत तिथपर्यंत सलग रेघ काढा, त्याच्या वर तुटक रेघ आणि शेजारी "दुवा मिळालेला नाही" असं लिहा. काकांना आवडणार नाही, पण चालेल.

प्रश्न : नाशिकच्या आमच्या तीर्थोपाध्यांकडच्या वहीत (यात्रेला आलेल्या यजमानांची नावं लिहून ठेवतात ती) खापरपणजोबांचा लेख सापडला, माघ शके १७८२. चुलत भावाने नेटवरच्या झाडात ते १७८२ साल म्हणून टाकलंय. पण त्यांचा मुलगा १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत गेला असं घरात सांगतात, मग हे जमत नाही ना? – एक वाचक, संगमनेर

उत्तर : नाहीच जमत, भावाने शक आणि इसवी सन एकच धरलाय, ही चूक फार कॉमन आहे. शकात ७८ मिळवायचे, पण जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९. पानिपतचंच बघा, पौष शुद्ध अष्टमी शके १६८२, नुसते ७८ मिळवले तर १७६० येतं, लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला. तुमचा माघ महिना आहे म्हणजे १८६१. मग मुलगा १९१८ मध्ये म्हातारा होऊन गेला, सगळं नीट बसतं. मराठवाड्यातले कागद असतील तर फसली सन (महसुली कालगणना) येतो, त्यात साधारण ५९० मिळवा. आणि पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन ही आणखी एक कालगणना अरबी शब्दांत असते, "इहिदे सितैन मया व अलफ" म्हणजे ११६१, त्यात मृगापासून (जूनच्या सुमारास) डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे ६०० मिळवायचे.

वहीबद्दल अजून एक. लेख लिहिणारा स्वतः हजर होता, म्हणून त्याचं, त्याच्या भावांचं, मुलांचं नाव पक्कं धरा. वरच्या चार-पाच पिढ्या त्याने आठवतील तशा सांगितलेल्या असतात, त्या दुसरीकडे ताडून बघा.

प्रश्न : आमच्या पणजोबांचे भाऊ रत्नागिरीकडून मॉरिशसला उसाच्या मळ्यावर गेले होते. नेटवर एक नाव जुळतंय पण गावाचं नाव भलतंच आहे. – एक वाचक, चिपळूण

उत्तर : भलतंच असणारच, बोटीवर चढताना सांगितलेलं गाव परक्या कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलं, आणि आता ते हस्ताक्षर वाचून कुणीतरी परत टाइप केलंय. गावाचं नाव मोठ्याने वाचून बघा, कधीकधी लगेच उलगडतं. रामा, विठू अशी नावं शेकड्यांनी आहेत, तेव्हा नुसतं नाव धरू नका, बापाचं नाव, जात, वय आणि बोट हे सगळं जुळायला हवं. तिथे उतरलेल्या प्रत्येक मजुराला नंबर दिलेला होता, आणि ती मूळ रजिस्टरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. त्यांची पुढची पिढी तिकडे सापडली तर त्यांच्याकडे आधी तो नंबर मागा.