वाचक विचारतात : बातम्यांचा स्टुडिओ बघायचाय

प्रश्न : आम्ही दोघं नवरा-बायको कारने नागपूरहून मुंबईला निघतोय. वरळीच्या दूरदर्शन केंद्रात बातम्यांचा स्टुडिओ बघता येईल का? – धरमपेठ, नागपूर

उत्तर : येईल, पण परवानगी असेल तरच. १९७२ पासून चालणारं हे केंद्र म्हणजे तिकीट काढून बघायचं संग्रहालय नव्हे. केंद्रप्रमुखांना आधी लेखी विनंती करा. दोघांची नावं, ओळखपत्राच्या प्रती, गाडीचा नंबर आणि एकाऐवजी दोन-तीन तारखा द्या. होकार लेखी आल्याशिवाय त्या भरवशावर मुक्काम ठरवू नका. बातमीपत्र सुरू व्हायच्या तोंडावर तर कुणालाच वेळ नसतो.

आत हिरवे कपडे नकोत. हिरव्या पडद्यासमोर उभं राहिलात तर संगणक हिरवा रंग काढून तिथे नकाशासारखं चित्र बसवतो, त्यामुळे पडद्यासोबत तुमचा सदराही गायब होतो आणि अंगावर नकाशा उमटतो! टेलिप्रॉम्प्टर मात्र नीट बघा. कॅमेऱ्यापुढे तिरपी, अर्धपारदर्शक काच असते. खालच्या पडद्यावरची उलटी अक्षरं तीत सुलटी दिसतात, म्हणून निवेदक वाचतानाही थेट आपल्याकडे बघतोय असं वाटतं. मोबाईल बंद ठेवा.

रस्त्याचं म्हणाल तर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंत. वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर. प्रवासाला निघण्याआधी, टायर थंड असतानाच त्यांतली हवा तपासा. हवा कमी असली की टायरच्या बाजू सतत दबून तापतात आणि फुटतात. आमण्यानंतर ठाण्याची गर्दी आहेच, तेव्हा भेट दुसऱ्या दिवशीची घ्या.