'माझी अशी शैलीच नाही'

चित्रकला शिकणारी मुलं समुपदेशनाला आली की एक तक्रार हमखास ऐकू येते: "हात चांगला आहे म्हणतात, पण माझी अशी शैलीच नाही." शेवटच्या वर्षाची एक मुलगी हेच घेऊन आली. इन्स्टाग्रामवर कुणाचं काम आवडलं की आठवडाभर तसंच काढायचं, मग स्वतःचीच चीड यायची. हल्ली तर कागदच बाहेर निघत नव्हता.

"शैली सापडली नाही तर काय होईल?"

"मग मी चित्रकार कसली, मॅडम? नुसती कॉपी करणारी."

तिला छळत होतं ते हे वाक्य. माणूस स्वतःशी काय बोलतो ते आधी तपासावं, यावर माझा ठाम विश्वास आहे. म्हणून तिला चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं उदाहरण दिलं. ते १९४८ साली मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयातून डिप्लोमा घेऊन बाहेर पडले. त्यांच्या सुरुवातीच्या कामात भारतीय लघुचित्रांचा आणि युरोपीय चित्रकार पॉल क्ले यांचा प्रभाव स्पष्ट दिसतो. रोलर आणि पॅलेट नाइफनं (रंग लावायच्या सुरीनं) केलेली, आज त्यांची ओळख असलेली अमूर्त चित्रं त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली. "मग ४८ साली ते चित्रकार नव्हते?" मी विचारलं. ती गप्प झाली.

पुढच्या भेटीला सबमिशनची चित्रं नकोत, स्टेशनवर काढलेली स्केचबुकं आण म्हटलं. ती आम्ही जमिनीवर उघडून मांडली.

"माणूस काढताना सुरुवात कुठून करतेस?"

"खांद्यापासून," म्हणाली, आणि थबकली. मग भराभर पानं उलटू लागली. बहुतेक माणसं पाठमोरी, प्रत्येकाच्या खांद्यावर काहीतरी ओझं, पाय दोन रेषांत संपवलेले.

"चेहरे जमत नाहीत म्हणून असेल."

"की तुला बघायचं असतं ते खांद्यातच?"

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "खांद्यावरून कळतं ना, माणूस किती दमलाय."

ते वाक्य मी तिला तिथल्या तिथे लिहून ठेवायला लावलं. आपण पुन्हापुन्हा काय बघतो आणि काय सोडून देतो, त्यातूनच शैली साचत जाते असं मी मानते. ते तिला तिच्याच पानांवर दिसलं, याचं समाधान मला आजही आहे.

तुमचीही हीच चिंता असेल तर दुसऱ्याचं काम खुशाल उतरवा, पण बाजूला लिहा: यातून मी काय घेतलं? रेषा, रंग की मोकळी जागा? मग ते मिटून ठेवून रोजच्या बघण्यातलं एखादं माणूस आठवणीतून काढा. अधूनमधून जुनी स्केचबुकं शेजारीशेजारी मांडा आणि परतपरत येणाऱ्या गोष्टींवर खूण करा. जमत नाही म्हणून काही टाळत असाल, तर त्याचा सरावही सोडू नका. ती मुलगी सध्या मॉडेल समोर बसवून फक्त चेहरे काढते आहे.