बर्कलीत पहिल्यांदाच मुलांना घ्यायला जाणार आहेस, म्हणून

विद्यापीठाच्या सहा आठवड्यांच्या उन्हाळी सत्राला येणारी मुलं सॅन फ्रान्सिस्को विमानतळावरून बार्टने, म्हणजे तिथल्या लोकल रेल्वेने, डाउनटाउन बर्कलीला उतरतात, तेव्हा त्यांना स्वागताचं भाषण नको असतं. आधी पाणी दे, वायफाय जोडून दे, घरी फोन लावू दे. मग खोलीची किल्ली. नियम दुसऱ्या दिवशी सांगितले तरी चालतात.

एकदा जुलैमध्ये एक मुलगी पातळ सुती सदऱ्यात स्टेशनबाहेर कुडकुडत उभी होती. बॅगेत एकही गरम कपडा नाही. कॅलिफोर्निया म्हणजे ऊन, असंच सगळे धरून येतात; संध्याकाळी खाडीवरून येणारं धुकं कुणी सांगितलेलं नसतं. तेव्हापासून मी दोन जादा स्वेटर जवळ ठेवते. तूही ठेव.

नाव नीट विचारून घे, त्यांच्यासमोर दोनदा म्हणून बघ. सोयीचं टोपणनाव आपणहून देऊ नकोस, फार लागतं ते. दुकानातल्या किमतीवर कर वेगळा लागतो, नळाचं पाणी पिता येतं, आणीबाणीत ९११ला फोन करायचा, एवढं जाता जाता सांग.

आणि ४ जुलैच्या, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीला कोण एकटं राहतंय ते आधीच विचार. त्याला घरी जेवायला बोलव, साधा वरणभात असला तरी.